डेटाबेसचा पुनरारंभ आणि मायग्रेशनांचा क्रम

शब्दकोशाचे काम जोवर कागदी चिठ्ठ्यांवर चालत होते, तोवर चिठ्ठीचा नमुना एकदा ठरला की तो सहसा बदलत नसे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात डॉ. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने १९४८ साली संस्कृतच्या ऐतिहासिक महाकोशाचे काम सुरू झाले. त्यासाठी जमविलेल्या चिठ्ठ्यांची संख्या सुमारे एक कोटीच्या घरात जाते. एवढ्या चिठ्ठ्यांवर मागाहून एखादा नवा रकाना आखावयाचा म्हटले तर ते कोणाच्याही आवाक्यातले नव्हते. आज बोलींच्या पाहणीचे आणि शब्दसंग्रहाचे बरेचसे काम संगणकावरील डेटाबेसमध्ये होते, आणि तेथे नवा रकाना आखणे हे क्षणाचे काम असते. या सोयीतूनच एक नवी अडचण उद्भवली आहे. रकाने इतक्या वेळा बदलतात की ते कोणत्या क्रमाने बदलले याची नोंद ठेवणारी स्वतंत्र यंत्रणा लागते. आणि ती नोंद बिघडली म्हणजे सर्व पुसून टाकून पहिल्यापासून आरंभ करण्याचा मोह होतो. या पुनरारंभाला संगणकाच्या व्यवहारात 'रिसेट' म्हणतात. तो केव्हा निर्धोक असतो आणि त्यात नेमके काय नाहीसे होते, हे भाषेच्या अभ्यासकाने स्वतः समजून घेणे अगत्याचे आहे. संगणकाच्या जाणकारावर हे काम सोपवून मोकळे होता येत नाही. कारण काय पुसले जात आहे हे त्या जाणकाराला पुष्कळदा ठाऊक नसते.

प्रथम संज्ञांचा उलगडा करणे इष्ट आहे. डेटाबेसमध्ये दोन भिन्न गोष्टी नांदत असतात. एक, तक्त्यांचा आराखडा: कोणते तक्ते आहेत, प्रत्येकात कोणते रकाने आहेत, कोणत्या रकान्यात अंक चालतो व कोणत्यात मजकूर, कोणता तक्ता कोणाशी जोडलेला आहे. दुसरी, त्या तक्त्यांत भरलेली प्रत्यक्ष माहिती. व्याकरण आणि उक्ती यांत जो भेद आहे, जवळजवळ तोच येथे आहे. आराखड्यात बदल करावयाचा झाल्यास तो हाताने थेट डेटाबेसमध्ये न करता एका छोट्या फायलीत लिहून ठेवावयाचा आणि ती फाईल संगणकाकडून चालवून घ्यावयाची, ही पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. अशा फायलीला 'मायग्रेशन' म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ स्थलांतर असा असला, तरी येथे काहीही एका जागेहून दुसऱ्या जागी जात नाही. आराखडा एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जातो. 'स्थित्यंतर' हा शब्द अधिक नेमका झाला असता, परंतु व्यवहारात मायग्रेशन हाच शब्द रुळला असल्यामुळे तोच पुढे वापरलेला आहे.

ही पद्धत रूबी भाषेतील रेल्स या चौकटीने २००५ च्या सुमारास लोकप्रिय केली. पायथन भाषेतील जँगो या चौकटीत ती प्रथम 'साउथ' नावाच्या जोड-साधनाच्या रूपाने आली. तिचे कर्ते अँड्र्यू गॉडविन यांनीच पुढे २०१३ साली लोकवर्गणी उभारून ती यंत्रणा नव्याने लिहिली, आणि २०१४ च्या सप्टेंबरात प्रसिद्ध झालेल्या जँगोच्या १.७ या आवृत्तीपासून ती मूळ चौकटीचाच भाग झाली. पुढील विवेचन जँगोला धरून केले आहे. अन्य चौकटींत नावे वेगळी असतात, व्यवस्था बव्हंशी अशीच असते.

विवेचनाच्या सोयीसाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. एखाद्या विभागात बोलींच्या शब्दसंग्रहाचे काम चालू आहे. त्यात शब्द, निवेदक आणि ध्वनिमुद्रण असे तीन मुख्य तक्ते आहेत. दोन वर्षांत आराखडा सात वेळा बदलला, म्हणून ०००१ ते ०००७ अशी सात मायग्रेशने तयार झाली. पहिल्याने तक्ते निर्माण केले, दुसऱ्याने गावाचे नाव जोडले, तिसऱ्याने निवेदकाच्या वयाचा रकाना घातला, आणि असेच पुढे. प्रत्येक फायलीत दोन गोष्टी नोंदलेल्या असतात: ती कोणत्या पूर्वीच्या मायग्रेशनावर अवलंबून आहे, आणि तिने कोणते बदल करावयाचे आहेत. यांतील क्रम हा केवळ सोयीचा क्रम नसतो. तो अवलंबित्वाचा क्रम असतो.

आता असा प्रश्न येतो की, यांपैकी कोणती मायग्रेशने चालून गेली आहेत हे संगणकास कसे कळते? डेटाबेसच्या आतच जँगो स्वतःसाठी एक लहानसा तक्ता ठेवतो. त्यात तीनच गोष्टी कामाच्या असतात: मायग्रेशन कोणत्या उपविभागाचे, त्याचे नाव काय, आणि ते केव्हा चालविले. त्या मायग्रेशनाच्या आत काय लिहिले होते याची तेथे कसलीही नोंद नसते. जँगो मायग्रेशन ओळखतो तो केवळ नावाने. दुसरीही एक गोष्ट अभ्यासूंना प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. नवे मायग्रेशन तयार करताना जँगो प्रत्यक्ष डेटाबेसमधले तक्ते उघडून पाहत नाही. तो जुन्या मायग्रेशन-फायली मनातल्या मनात क्रमाने चालवून 'आराखडा आज असा असला पाहिजे' असे एक चित्र उभे करतो, त्याची तुलना कार्यक्रमात लिहिलेल्या आजच्या व्याख्येशी करतो, आणि फरक पडेल तेवढ्याचे नवे मायग्रेशन लिहून देतो. म्हणजे एकाच इतिहासाच्या दोन पोथ्या झाल्या. एक फायलींच्या रूपाने, दुसरी डेटाबेसमधील नोंदतक्त्याच्या रूपाने. या दोन पोथ्यांत पाठभेद उत्पन्न झाला की अडचणी सुरू होतात, आणि रिसेटचा विचार बहुधा त्याच घटकेला सुचतो.

रिसेट हा एकच शब्द चार निरनिराळ्या कृतींसाठी वापरला जातो, आणि निम्मा गोंधळ येथेच आहे. पहिली कृती 'फ्लश' ही होय. तीत तक्ते तसेच राहतात, त्यांतील माहिती मात्र पुसली जाते. मायग्रेशनांचा नोंदतक्ता अबाधित राहतो. आराखड्यातच घोटाळा असेल तर या कृतीचा काडीचाही उपयोग नाही, तरीही अनेक जण ती करून माहिती गमावून बसतात. दुसरी कृती म्हणजे एखाद्या उपविभागाची सर्व मायग्रेशने उलट्या क्रमाने मागे घेणे; जँगोत त्यासाठी मायग्रेटच्या आज्ञेपुढे उपविभागाचे नाव व 'झीरो' हा शब्द लिहितात. हे सभ्यपणाचे माघार घेणे होय, परंतु ज्या मायग्रेशनाची उलट कृती लिहून ठेवलेली नसते तेथे ही माघार अडून बसते. तिसरी कृती म्हणजे संपूर्ण डेटाबेस काढून टाकून रिकामा डेटाबेस निर्माण करणे आणि जुन्याच फायली पहिल्यापासून चालविणे. एसक्यूलाइट वापरीत असल्यास एक फाईल पुसली की काम होते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये डेटाबेस काढून टाकण्याची आज्ञा द्यावी लागते, आणि कोणीही त्याला जोडलेला असेल तर ती आज्ञा नाकारली जाते. चौथी कृती सर्वांत मूलगामी: डेटाबेसही काढावयाचा, मायग्रेशनांच्या फायलीही पुसावयाच्या, आणि आजच्या व्याख्येवरून एकच नवे ०००१ तयार करवून घ्यावयाचे. तिसऱ्या कृतीत इतिहास पुन्हा घडविला जातो. चौथीत तो नष्ट केला जातो. या दोहोंतील अंतर फार मोठे आहे.

चौथ्या कृतीतील सर्वांत फसवी चूक अशी की फायली पुसल्या जातात आणि डेटाबेस मात्र तसाच राहतो. नवे मायग्रेशन तयार होते, त्याचे नावही पूर्वीप्रमाणेच ०००१ इनिशियल असे पडते. ते चालविण्याची आज्ञा दिली की जँगो नोंदतक्ता पाहतो. तेथे त्या नावाची नोंद दोन वर्षांपूर्वीच झालेली असते. सबब करण्यासारखे काही नाही, असे उत्तर देऊन तो स्वस्थ बसतो. पुसण्याच्या वेळी व्याख्येत एखादा नवा रकाना घातलेला असेल तर तो नव्या फायलीत असतो, व्याख्येत असतो, पण डेटाबेसमध्ये कधीच उतरत नाही. शब्द तोच, अर्थ पालटलेला, आणि ऐकणाऱ्याला त्याचा पत्ता नाही, अशी ही स्थिती. पुढे केव्हातरी 'असा रकाना अस्तित्वात नाही' अशी तक्रार पडद्यावर येते. शिवाय ०००२ ते ०००७ यांच्या नोंदी तक्त्यात अनाथ पडून राहतात. पुढे योगायोगाने त्याच नावाचे नवे मायग्रेशन निर्माण झाले तर तेही 'पूर्वीच चालले' असे समजून वगळले जाते. अशा अनाथ नोंदी काढून टाकण्याची सोय २०२२ सालच्या ४.१ या आवृत्तीपासून 'प्रून' या पर्यायाने उपलब्ध झालेली आहे.

याच्या उलट टोकाला 'फेक' हा पर्याय आहे. नोंद करावयाची, पण कृती करावयाची नाही, असा त्याचा अर्थ. आराखडा प्रत्यक्षात बरोबर आहे व नोंदच तेवढी चुकली आहे याची खात्री असेल तेव्हा तो उपयोगी पडतो. ती खात्री नसताना वापरला तर तो केवळ खोटा दाखला ठरतो. त्याचेच एक रूप पहिल्या मायग्रेशनापुरते आहे. तेथे तक्ता त्या नावाचा अस्तित्वात आहे एवढेच पाहून नोंद केली जाते, त्यातले रकाने जुळतात की नाहीत याची तपासणी होत नाही.

फायली पुसण्याच्या यांत्रिक भागात आणखी एक खड्डा आहे. मायग्रेशनांच्या प्रत्येक कप्प्यात 'इनिट' नावाची एक बहुधा रिकामी फाईल असते. कप्पा हा पायथनचा भाग आहे हे तीवरून ओळखले जाते, म्हणून ती राखावयाची असते. आणि 'मायग्रेशन्स' नावाच्या सर्व कप्प्यांतील फायली पुसा, अशी सरसकट आज्ञा प्रकल्पाच्या मुळाशी उभे राहून दिली, तर ज्या प्रकल्पात जँगोची प्रत आतच एका उपकप्प्यात ठेवलेली असते तेथे जँगोच्या स्वतःच्या मायग्रेशनांवरही बोळा फिरतो. मग वापरकर्त्यांचे व परवान्यांचे तक्तेच निर्माण होईनासे होतात, आणि चौकट पुन्हा बसविण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

परंतु हे सर्व यंत्राचे दोष. ते यंत्रच पुढेमागे बोलून दाखविते. भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने खरी हानी निराळी आहे आणि ती मूकपणे होते. तिचे स्वरूप कळण्यासाठी मायग्रेशनांचे दोन वर्ग ध्यानात घेतले पाहिजेत. एका वर्गातील मायग्रेशने आराखडा बदलतात आणि जँगो ती स्वतःच लिहून देतो. दुसऱ्या वर्गातील मायग्रेशने तक्त्यांत आधीच असलेली माहिती दुरुस्त करतात, आणि ती माणसाने हाताने लिहिलेली असतात. फायली पुसून नवे ०००१ तयार केले की पहिल्या वर्गाचे सार त्यात उतरते, कारण ते व्याख्येवरून अनुमानाने काढता येते. दुसऱ्या वर्गाचे काहीही उरत नाही. व्याख्येत त्याचा मागमूसच नसतो.

मराठीतीलच एक उदाहरण याचे मर्म दाखवील. 'दऱ्या' हे दरीचे अनेकवचन आणि 'दर्या' म्हणजे समुद्र, हे दोन शब्द लेखनात केवळ र च्या रूपाने भिन्न होतात. युनिकोडमध्ये यांतला पहिला शब्द दोन प्रकारे साठविता येतो. एक, ऱ या स्वतंत्र वर्णाला हलन्त चिन्ह जोडून. दुसरा, साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही रूपे एकच दिसतात; यंत्राला ती सर्वस्वी भिन्न अक्षरमालिका वाटतात, आणि युनिकोडने ठरवून दिलेल्या समानीकरणाच्या प्रक्रियांनीही ती एक होत नाहीत. निरनिराळ्या विद्यार्थ्यांनी निरनिराळ्या कळफलकांवरून भरलेल्या संग्रहात दोन्ही रूपे मिसळलेली असतात. एका रूपाचा शोध घेतला तर दुसऱ्या रूपातील नोंदी सापडत नाहीत, आणि बोलीतील वारंवारतेचे कोष्टक चुकते.

आपल्या कल्पित संग्रहात हा दोष लक्षात आल्यावर ०००४ क्रमांकाचे मायग्रेशन हाताने लिहिले गेले. त्याने र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह ही त्रयी जेथे जेथे होती तेथे ऱ व हलन्त घातले. पुढे ०००६ ने उरलेली निरुपयोगी अदृश्य चिन्हे काढून टाकली. या दोहोंचा क्रम उलटा असता तर काय झाले असते? जोडचिन्ह आधी निघून गेले असते, र आणि हलन्त उरले असते, आणि त्यांपासून रेफ तयार झाला असता. म्हणजे संग्रहातील सर्व दऱ्यांचा दर्या झाला असता. मग तो परत फिरविण्याचा कोणताही मार्ग राहिला नसता. एका नियमाचे कार्य दुसऱ्याला दिसते की नाही यावर फळ कसे अवलंबून असते, हे अष्टाध्यायीतील त्रिपादीचा अभ्यास केलेल्यांना नव्याने सांगावयास नको.

आता या डेटाबेसवर रिसेट केला असे समजू. चौथ्या कृतीने केला तर ०००४ आणि ०००६ दोन्ही नष्ट झाली. पण तिसऱ्या कृतीने, म्हणजे फायली जपून केला, तरीही ती निष्फळच ठरतात, आणि हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. मूळ इतिहासात घटनांचा क्रम असा होता: तक्ता निर्माण झाला, माहिती भरली, माहिती सुधारली. रिसेटनंतर सातही मायग्रेशने रिकाम्या तक्त्यांवर एका दमात चालतात. सुधारणारी मायग्रेशनेही चालतात, पण सुधारण्यासारखे तेथे काहीच नसते. ती यशस्वी झाल्याची नोंद मात्र होते. त्यानंतर विद्यार्थ्यांच्या जुन्या तक्तापत्रकांवरून माहिती पुन्हा भरली जाते, आणि ती अशुद्ध रूपातच आत येते. संस्कृत 'हस्त' हा शब्द प्राकृतातील 'हत्थ' या रूपातून जाऊन मराठीत 'हात' झाला. परंतु तो ध्वनिबदल पुरा झाल्यानंतर संस्कृतातून पुन्हा उचललेला 'हस्त' तसाच राहिला, कारण नियमाचा काळ संपून गेला होता. रिसेटनंतर भरलेली सर्व माहिती याच अर्थाने तत्सम असते. तद्भव रूपे जुन्या डेटाबेसबरोबर गेलेली असतात.

नोंदतक्ता सांगतो की शुद्धीकरण झाले; पाहणारा विश्वास ठेवतो; आणि यंत्र एका शब्दानेही कुरकुर करीत नाही. याच्याशी तुलना करता वर्णक्रमाचे उदाहरण सुदैवाचे म्हणावे लागेल. मराठी कोशांत ळ हा वर्ण ह नंतर येतो. युनिकोडच्या संकेतांकांत तो ल च्या लगेच पुढे आहे. म्हणून मराठी क्रम हवा असल्यास पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये तसा क्रमनियम आधी निर्माण करावा लागतो, आणि ते काम करणारे मायग्रेशनही हातानेच लिहिलेले असते. ते पुसले गेले आणि रकान्याच्या व्याख्येत त्या क्रमनियमाचे नाव राहिले, तर नवे ०००१ चालताना तात्काळ अडते. आरडाओरडा होतो, चूक सापडते, दुरुस्त होते. जी हानी बोलते ती लहान हानी.

हाताने लिहिलेल्या मायग्रेशनांतील आणखी एक दोष रिसेटच्याच वेळी उघडकीस येतो. ०००४ लिहिणाऱ्याने आजची व्याख्या थेट उचलून वापरली असेल, तर त्या व्याख्येत ०००७ ने आणलेला रकानाही असतो. मूळ काळी ०००७ जन्मालाच आले नव्हते, म्हणून काही बिघडले नाही. पहिल्यापासून चालविताना मात्र ०००४ च्या टप्प्यावर त्या रकान्याची मागणी होते आणि तो अद्याप अस्तित्वात नसतो. हा शुद्ध कालविपर्यास होय. ज्ञानेश्वरीची भाषा आजच्या व्याकरणाने तपासण्यासारखा. जँगोने यावर उपाय योजलेला आहे: मायग्रेशनाच्या आत, त्या क्षणी आराखडा जसा असेल तशी ऐतिहासिक व्याख्या मागून घेता येते, आणि नेहमी तीच वापरावी असा दंडक आहे. ज्या प्रकल्पात स्वयंचलित चाचण्या लिहिलेल्या असतात तेथे हा दोष लवकर सापडतो. कारण चाचण्यांसाठी जँगो प्रत्येक वेळी स्वतंत्र डेटाबेस निर्माण करून सर्व मायग्रेशने पहिल्यापासून चालवितो. विद्यापीठीय प्रकल्पांत चाचण्या क्वचितच असतात, हे दुर्दैव.

शुद्धीकरणाची जागा मायग्रेशन नव्हे, हा याचा व्यावहारिक निष्कर्ष. माहिती ज्या दाराने आत येते त्याच दारावर ते बसविले पाहिजे, म्हणजे केव्हाही व कितीही वेळा भरणा झाला तरी ते घडेलच. जुन्या माहितीसाठी तेच शुद्धीकरण स्वतंत्र आज्ञा म्हणून ठेवावे. ती दोनदा चालविली तरी फल एकच यावे, अशी तिची रचना असावी. आणि र, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह ही त्रयी असलेला मजकूर स्वीकारूच नये, असे बंधन डेटाबेसवरच घालता येते. बंधन व्याख्येत लिहिलेले असल्यामुळे फायली पुसल्या तरी ते नव्या ०००१ मध्ये उतरते.

सहकाऱ्यांच्या यंत्रांवर प्रती असतील तर फायली पुसण्याऐवजी 'स्क्वॉश' करणे श्रेयस्कर. त्यात अनेक मायग्रेशनांचे एकच मायग्रेशन बनते, पण आपण कोणाकोणाच्या जागी आलो आहोत याची यादी ते स्वतःजवळ बाळगते. त्यामुळे ज्याच्याकडे जुनी सातही चालून गेली आहेत त्याच्याकडे ते पुन्हा चालत नाही. सर्वांकडे ते पोचेपर्यंत जुन्या फायली ठेवाव्या लागतात. हाताने लिहिलेली मायग्रेशने या संक्षेपात जशीच्या तशी राहतात. ज्यांच्यावाचून चालेल त्यांवर कर्त्याने तशी खूण करून ठेवलेली असेल तरच ती गळतात. या खुणेसाठी जँगोने निवडलेला शब्द व्याकरणातील लोपाचा वाचक आहे, हा योगायोग भाषाभ्यासकास सुखवील. दोन विद्यार्थ्यांनी एकाच वेळी आपापले ०००५ तयार केले, या कारणासाठीही रिसेटची गरज नसते. दोहोंना जोडणारे एक सांधा-मायग्रेशन जँगो करून देतो. रिसेट अनेकदा गरजेपोटी होत नाही, अधीरतेपोटी होतो.

मग तो योग्य केव्हा? काम नुकते सुरू झाले आहे, दुसऱ्या कोणाकडे प्रत नाही, आणि आत जे आहे ते पुन्हा भरता येण्यासारखे आहे, अशा वेळी तो निःसंशय योग्य. वापरकर्त्यांच्या तक्त्याची व्याख्या आरंभी न बदलता मध्येच बदलण्याचा प्रसंग आला, तर जँगोच्या स्वतःच्या तक्त्यांचे अवलंबित्व उलटेपालटे होते, आणि आरंभावस्थेतील प्रकल्पाला तेव्हा रिसेट हाच सुटसुटीत मार्ग असतो. मायएसक्यूएलमध्ये आराखड्यातील बदल अर्ध्यावर फसला तर झालेला भाग मागे घेतला जात नाही. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये सहसा सर्व किंवा काहीच नाही असा व्यवहार असतो. म्हणून मायएसक्यूएल वापरणाऱ्यांवर रिसेटची पाळी अधिक वेळा येते.

या सर्वांत 'पुन्हा भरता येण्यासारखे' ही अटच कळीची आहे. विकासासाठीचा डेटाबेस म्हणजे जो हळहळ न वाटता पुसता येतो तो. मोठ्या कारखान्यांत विकासाची प्रत आणि वापरातील प्रत यांच्यामध्ये भिंत असते. विद्यापीठाच्या विभागात ती नसते. ज्या यंत्रावर विद्यार्थ्याने प्रयोग म्हणून डेटाबेस उभारला, त्याच यंत्रावर क्षेत्रपाहणीहून परतल्यावर त्याने खऱ्या नोंदी भरल्या. नाव 'डेव्ह' असेच राहिले, पण आतल्या वस्तू बदलल्या. ध्वनिमुद्रणांच्या बाबतीत तर हानी अधिकच विचित्र होते. ध्वनीच्या फायली डेटाबेसमध्ये नसतात. त्या कप्प्यात असतात, आणि डेटाबेसमध्ये केवळ त्यांचा पत्ता असतो. रिसेटनंतर ध्वनी सर्व सुखरूप राहतात. नाहीशी होते ती, कोणता आवाज कोणाचा ही नोंद. एकाच नावाच्या दोन फायली आल्यास जँगो दुसरीच्या नावाला यदृच्छेने काही अक्षरे जोडतो, त्यामुळे नावावरूनही माग लागत नाही. ऐंशीच्या घरातील एखाद्या निवेदिकेने सांगितलेली जात्यावरची ओवी ऐकू येत राहते. ती कोणत्या गावची, तिची घरची बोली कोणती, हे सांगणारी ओळ गेलेली असते, आणि विचारावयास जावे तर ती हयात असेलच असे नाही.

नोंदींच्या क्रमांकांचीही हीच गत. पोस्टग्रेएसक्यूएलवर फ्लश केल्यानंतर क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात. एखाद्या प्रबंधात 'नोंद ४१२' असा निर्देश केलेला असेल तर पुनर्भरणानंतर ४१२ वर दुसराच शब्द येऊन बसतो. प्रबंधांत निर्देश करावयाचा तो डेटाबेसच्या अंतर्गत क्रमांकाने करू नये. तक्त्यात स्वतंत्र रकाना ठेवून विभागाने स्वतः दिलेला नोंदक्रमांक वापरावा. तो माहितीचाच भाग असल्याने माहितीबरोबर परत येतो.

प्रत्यक्ष रिसेट करताना प्रथम डेटाबेसची संपूर्ण प्रत पीजीडंप या साधनाने काढावी, आणि ती दुसऱ्या रिकाम्या डेटाबेसमध्ये भरून पाहावी. न उघडून पाहिलेली प्रत ही प्रत नव्हे. मग मायग्रेशनांच्या फायली एकेक उघडून हाताने लिहिलेल्या किती आहेत हे पाहावे, आणि त्यांतील प्रत्येकीचे काम पुढे कोण करणार हे लिहून काढावे. त्यानंतर डेटाबेस काढावा, फायली पुसावयाच्या असल्यास आपल्याच उपविभागांच्या तेवढ्या पुसाव्यात, नवे मायग्रेशन करवून घ्यावे व चालवावे. शेवटी जुन्या आणि नव्या डेटाबेसचा केवळ आराखडा मजकुराच्या रूपाने काढून दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत. रकान्यांचा क्रम बदललेला दिसला तर त्याची चिंता नाही; गाळलेला क्रमनियम किंवा बंधन दिसले तर थांबावे. माहिती परत भरल्यावर प्रत्येक तक्त्यातील ओळींची संख्या पूर्वीइतकी आहे ना हे पाहावे, आणि मग 'दऱ्या' हा शब्द दोन्ही प्रकारे टाइप करून शोधावा. दोन्ही वेळा तितक्याच नोंदी आल्या आणि त्यांत एकही समुद्र नसला, तर जुनी प्रत कपाटात ठेवावयास हरकत नाही.